नववीची बल, कार्य, शक्तीची गणितं: सूत्रं पाठ आहेत, पण उदाहरण आलं की मुलगी अडते

नववीची आई:

नमस्कार. मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा हे दोन्ही धडे शाळेत शिकवून झालेत. सूत्रं विचारली की घडाघडा म्हणते. पण उदाहरण चार ओळींचं आलं की वही पुढ्यात घेऊन नुसती बसते. मग दिसतील ते आकडे सूत्रात कोंबते आणि उत्तर चुकलं की रडकुंडीला येते. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे मला नीट समजावता येत नाही. सध्या ही तीन गणितं अडली आहेत:

१) ८००० किग्रॅ वस्तुमानाची बस ७२ किमी/तास वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर ती ४० मीटर अंतरात थांबते. बसला थांबवणारे बल काढा. (तिचं उत्तर ५,१८,४०० न्यूटन आलंय, सरांनी फुली मारली.)

२) एक हमाल २० किग्रॅची ट्रंक डोक्यावर घेऊन सपाट फलाटावर ५० मीटर चालला. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने किती कार्य केले? उत्तर शून्य दिलंय. ती म्हणते, मग हमालाला पैसे कशाचे देतात? मला काही सांगता आलं नाही.

३) ५ अश्वशक्तीची मोटार २० मीटर खोलीवरून एका मिनिटात किती लिटर पाणी वर काढेल?

नुसती उत्तरं नकोत, उत्तरं गाइडात आहेत. विचार कुठून सुरू करायचा, तेवढं कोणी सांगेल का?

निवृत्त विज्ञान शिक्षक:

ताई, मुलीने हमालाच्या पैशांचा प्रश्न विचारला ना, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला हा विषय येणार. आजवर ज्यांना अडलेलं पाहिलं त्यातली बहुतेक मुलं हुशारच होती, त्यांना सुरुवात कुठे करायची एवढंच कोणी सांगितलेलं नसतं.

आधी एक विनंती. वहीत तो तीन खणांचा त्रिकोण असेल, ज्यात वरचं अक्षर बोटाने झाकलं की सूत्र मिळतं, तो पुसून टाका. माझं त्याच्याशी वैर आहे. त्याने पोरांना उत्तर मिळतं आणि विचार करायची सवय जाते.

गणित वाचून झालं की पहिला प्रश्न हा: हिशोब कोणाचा करायचा आहे? बसचा, ट्रंकेचा, पाण्याचा? एकच वस्तू निवडायची आणि वहीत तिचा साधा चौकोन काढायचा. मग त्या वस्तूवर कोण कोण बल लावतंय त्याचे बाण काढायचे, आणि प्रत्येक बाणाशेजारी बल देणाऱ्याचं नाव लिहायचं. पृथ्वी, रस्ता, दोरी, हात, जे असेल ते. नाव लिहिता येत नसेल तर तो बाण खोटा. माझ्या वर्गात हा नियम होता आणि त्याला सवलत नव्हती.

आता पहिलं गणित. चौकोन बसचा. पृथ्वी बसला खाली ओढते, रस्ता तिला तेवढ्याच बलाने वर उचलून धरतो, ते दोघं एकमेकांना संतुलित करतात. तिसरा बाण मागच्या दिशेने, देणारा रस्ता. टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण बसला मागे ओढतं. ब्रेक चाकाला आवळतो, पण बसला बाहेरून अडवतो तो रस्ताच. म्हणून तर ओल्या रस्त्यावर ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी घसरत जाते.

इथे दहातली आठ मुलं एक जादा बाण काढतात, पुढच्या दिशेने. विचारलं तर म्हणतात, बस पुढे चाललीय, म्हणजे पुढे ढकलणारं बल असणारच. मग मी विचारतो, कोण ढकलतंय, नाव लिही. नाव सापडत नाही, कारण तसं कोणी नसतंच. चालत्या वस्तूला चालत राहायला बल लागत नाही, बल लागतं ते वेग बदलायला. न्यूटनचा पहिला नियम म्हणजे हेच. त्याने तो १६८७ साली छापला. त्याआधी दोन हजार वर्षं भलेभले विद्वान ते पुढचे खोटे बाण काढत होते, त्यामुळे नववीच्या मुलीने काढला तर तिला रागावू नका. फक्त नाव विचारा.

मग आकडे. आपल्याला मीटर आणि सेकंद हवेत. ३६ किमी/तास म्हणजे १० मी/से, एवढं एकच लक्षात ठेवायला सांगा. ७२ म्हणजे दुप्पट, २० मी/से. ५४ म्हणजे १५, १८ म्हणजे ५. बस थांबते, म्हणून शेवटचा वेग शून्य. वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर. ४०० = २ × त्वरण × ४०, म्हणून त्वरण ५ मी/से², दिशा मागची. बल = ८००० × ५ = ४०,००० न्यूटन.

तुमच्या मुलीने ७२ तसेच ठेवले. ७२ चा वर्ग ५१८४, भागिले ८०, बरोबर ६४.८, गुणिले ८०००, झाले ५,१८,४००. हिशोबात कुठेही चूक नाही, नुसतं एकक राहिलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढे. उत्तर आल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं नाही. १ न्यूटन म्हणजे तळहातावर साधारण १०० ग्रॅम ठेवल्यावर जाणवतं तेवढं वजन. म्हणजे ५,१८,४०० न्यूटन झाले जवळपास ५२ टनांचं वजन. अख्खी बस ८ टनांची! डांबरी रस्त्यावर टायरची पकड फार तर बसच्या वजनाएवढी धरा, खरं तर त्याहून कमीच असते. वजनाच्या सहापट बलाने रस्ता तिला धरूच शकत नाही. आणि आत बसलेल्या ५० किलोच्या माणसाला थांबवायला ५० × ६४.८ = ३२४० न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या वर जोर लागेल. बरोबर उत्तराने तोच जोर २५० न्यूटन येतो, पंचवीस किलोंच्या आसपास. बसमध्ये जोराचा ब्रेक लागला की पुढच्या सीटचा दांडा पकडताना हाताला जाणवतो, तेवढा. मुलीला हे स्वतः ताडून बघू द्या. चुकलेलं उत्तर ओळखता आलं की एकक विसरायची सवय आपोआप जाते.

याच गणिताची पडताळणी कार्यानेही होते. बल × अंतर = ४०,००० × ४० = १६,००,००० ज्यूल. बसची गतिज ऊर्जा, वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ २ = ८००० × ४०० ÷ २, तेवढीच १६,००,०००. दोन वाटांनी गेलो, एकाच गावी पोचलो. ही ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. घाट उतरताना जळका वास येतो तो त्याचाच. आणि जाता जाता विचारा: बस ३६ च्या वेगाने असती तर तेवढ्याच बलाने किती अंतरात थांबली असती? ती २० म्हणेल. उत्तर १० मीटर आहे. वेग निम्मा झाला की अंतर पाव होतं, कारण वेगाचा वर्ग येतो. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं गणित. हिशोब ट्रंकेचा. चालताना ट्रंकेवर दोन बाण: पृथ्वी खाली, हमालाचं डोकं वर. ट्रंक सरकते आडवी. बल उभं, विस्थापन आडवं, बलाच्या दिशेने ट्रंक तसूभरही हलली नाही, म्हणून डोक्याच्या बलाचं कार्य शून्य. ट्रंक फलाटावरून उचलून दीड मीटरवर डोक्यावर ठेवली तेव्हा मात्र २० × ९.८ × १.५ = २९४ ज्यूल कार्य झालं होतं.

मग हमाल घामाघूम का? कारण स्नायू टेबलासारखा नसतो. टेबलावर ट्रंक वर्षभर ठेवली तरी टेबलाला काही खायला लागत नाही. स्नायू ताणून धरायचा तर त्याचे तंतू सारखे आखडतात, सुटतात, परत आखडतात, आणि दर वेळी शरीर ऊर्जा खर्च करतं. ती उष्णता होते. ट्रंकेला त्यातलं काही मिळत नाही. मुलीला सांगा, गणितात विचारलंय ते ट्रंकेला किती मिळालं एवढंच. हमालाचे किती खर्च झाले हा वेगळा हिशोब आहे. पैसे त्याला त्याच्या खर्चाचे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत.

तोच हमाल पुलाचा जिना चढला तर चित्र पालटतं. जिना ६ मीटर उंच, हमाल ६० किलोचा, ट्रंक २० किलोची, वेळ २० सेकंद. ८० × ९.८ × ६ = ४७०४ ज्यूल, भागिले २०, म्हणजे सुमारे २३५ वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची. माणूस एक तृतीयांश घोडा झाला, आणि एवढा जोर तो फार वेळ टिकवू शकत नाही.

तिसरं गणित सूत्रात सोपं आहे. ५ × ७४६ = ३७३० वॅट, म्हणजे सेकंदाला ३७३० ज्यूल. मिनिटाला २,२३,८०० ज्यूल. एक लिटर पाणी एक किलोचं, ते २० मीटर वर न्यायला १ × ९.८ × २० = १९६ ज्यूल. भागाकार केला की सुमारे ११४२ लिटर. पुस्तकाचं उत्तर एवढंच. पण विहिरीवर एवढं पाणी कधीच येत नाही, आणि त्यावर माझ्यापेक्षा मोटार बसवणाऱ्या माणसाने बोललेलं बरं.

मोटारवाला, सांगोला:

सरांनी बोलावलंच आहे तर सांगतो. ताई, आम्ही विहिरीवर आणि बोअरवर मोटारी बसवतो. मोटारीच्या पाटीवर ३.७ किलोवॅट / ५ एचपी असं लिहिलेलं असतं, ते मोटारीच्या शाफ्टवर मिळणाऱ्या जोराचं. तो सगळा पाण्याला मिळत नाही. पाटीवर आणखी दोन आकडे असतात, हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, मीटरमध्ये आणि डिस्चार्ज, म्हणजे किती पाणी पडतं ते, लिटर प्रति सेकंद. समजा २० मीटर हेडला १० लिटर सेकंदाला. मुलीला गणित करायला लावा: १० × ९.८ × २० = १९६० वॅट. मोटार देते ३७३०. म्हणजे निम्म्याहून थोडंसं जास्त पाण्याच्या कामी आलं. बाकीचं पंखा पाणी घुसळतो त्यात, बेअरिंगमध्ये आणि गरम होण्यात जातं. म्हणजे मिनिटाला ६००, पुस्तकातले ११४२ नाहीत.

घरी मोटार असेल तर मापून बघा. दोनशे लिटरचा बॅरल पाइपखाली लावा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २० सेकंदांत भरला तर वरचा हिशोब जमला.

आणखी एक. खोली विहिरीची धरायची नाही. पाण्याच्या पातळीपासून जिथे पाणी पडतं तिथपर्यंतची उंची धरायची. पावसाळ्यात पाणी तीस फुटांवर असतं, मे महिन्यात साठ फुटांवर जातं, मोटार तीच, पाणी कमी. शेतकरी मला म्हणतो मोटार कमजोर झाली. मोटार कमजोर झालेली नसते, प्रत्येक लिटर उचलायला जास्त काम पडतं. पाइपचाही विचार करा. तीन इंची पाइप हवी तिथे अडीच इंची टाकली, वर चार एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, मारले, की घर्षणात हेड वाढलं म्हणून समजा. दुकानात गेल्यावर किती एचपी पाहिजे ते आधी सांगू नका. हेड किती आणि पाणी किती हवं ते सांगा, एचपी त्यातून निघते. सरांनी बसच्या गणितात जे सांगितलं, आधी वस्तू बघा मग सूत्र, ते आमच्या धंद्यातही तसंच आहे.

नववीची आई:

सर, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघी बसलो. बसचं गणित तिने चौकोन काढून परत केलं, बाणांना नावं दिली, आणि १० मीटरचं उत्तर ऐकून थक्क झाली. आता तिचा नवा प्रश्न आहे. आमच्या इकडे ऊसवाहतूक चालते. ती विचारते, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते, असं तिसरा नियम सांगतो. मग दोन्ही बलं एकमेकांना खाऊन टाकतील. गाडी जागची हलते कशी?

निवृत्त विज्ञान शिक्षक:

ताई, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी मुद्दाम काढायचो. इथे तर मुलीने स्वतःहून विचारला. फार आनंद झाला.

परत तेच, हिशोब कोणाचा? ती दोन बलं दोन वेगळ्या खात्यांवर जमा आहेत. एक ट्रॉलीवर, एक ट्रॅक्टरवर. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही.

आकडे घालून दाखवतो. भरलेली ट्रॉली ६००० किलोची, ट्रॅक्टर २००० किलोचा. रस्ता ट्रॉलीच्या चाकांना ३००० न्यूटनने अडवतो, ट्रॅक्टरला १००० न्यूटनने. गाडीला ०.५ मी/से² त्वरण हवंय.

ट्रॉलीचा चौकोन: ट्रॅक्टरची ओढ पुढे, रस्त्याचा अडथळा ३००० मागे. वेग वाढवायला ६००० × ०.५ = ३००० हवेत. म्हणून ओढ ६००० न्यूटन.

ट्रॅक्टरचा चौकोन: ट्रॉली त्याला ६००० ने मागे ओढते, अडथळा १००० मागे, आणि वेग वाढवायला २००० × ०.५ = १०००. पुढे ढकलणारा कोणी तरी हवा, ८००० न्यूटनचा. तो कोण? इथे मुलं इंजिन म्हणतात. इंजिन ट्रॅक्टरच्या आतच आहे, ते बाहेरून ट्रॅक्टरला ढकलू शकत नाही. इंजिन चाक फिरवतं, चाक जमिनीला मागे रेटतं आणि जमीन चाकाला पुढे रेटते. नाव लिहा: जमीन. चिखलात चाक जागच्या जागी गरगर फिरतं तेव्हा इंजिन तेच असतं, जोर तोच असतो. जमीनच रेटू शकत नाही.

पडताळा: दोघांचा मिळून एक चौकोन काढा. पुढे ८०००, मागे ३००० आणि १०००, उरले ४०००. वस्तुमान ८०००, त्वरण ०.५. जमलं. मधली ओढ या चौकोनात दिसतच नाही, कारण ती आतली झाली.

आता शक्ती. गाडी १८ किमी/तास, म्हणजे ५ मी/से झाली त्या क्षणी ८००० × ५ = ४०,००० वॅट, जवळपास ५४ अश्वशक्ती. तोच वेग कायम ठेवायला मात्र फक्त अडथळ्यापुरतं ४००० न्यूटन बल लागतं, म्हणजे २०,००० वॅट, २७ च्या आसपास अश्वशक्ती. शक्ती = बल × वेग. भरलेली ट्रॉली ओढताना किंवा चढावर ड्रायव्हर खालचा गिअर का टाकतो, ते यात आहे. इंजिनची शक्ती ठरलेली. बल जास्त हवं तर वेग कमी घ्यावा लागतो. मुलीला एखाद्या ट्रॅक्टरवाल्या काकांशी यावर बोलू द्या, ते तिला पुस्तकापेक्षा चांगलं सांगतील.

आबा, मंगळवेढा:

मास्तर, तुमचं वाचतोय. मी शिकलेलो नाही फार, पण मोट चालवलेली आहे, म्हणजे बैलांनी दोर ओढून विहिरीतून पाणी काढायची मोठी पिशवी. मोटेची धाव, म्हणजे विहिरीजवळची बैलांची ये-जा करायची वाट, उतरती असायची. बैल उतारावर खाली जायचे आणि मोट वर यायची. उतारामुळे बैलांचं काम कमी व्हायचं ना? मग ते काम गेलं कुठे? नातवाला विचारलं, त्याला सांगता आलं नाही.

निवृत्त विज्ञान शिक्षक:

आबा, नमस्कार. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात सुंदर आहे, आणि ज्याने उतरती धाव पहिल्यांदा बांधली त्याला हे सगळं गणित अंगाने कळलं होतं.

मोटेत १२० किलो पाणी धरू. ते वर ओढायला १२० × ९.८ = ११७६ न्यूटन. बैलजोडी ८०० किलोची धरू आणि धावेचा उतार दहा पावलांमागे एक पाऊल खाली असा. बैलांच्या वजनाचा उताराच्या दिशेने येणारा हिस्सा साधारण एक दशांश, म्हणजे ७८४ न्यूटन. तो मोट ओढायच्या कामी येतो. उरलेले ३९२ न्यूटन फक्त खुरांनी रेटून काढायचे. सपाट जमिनीवर तीच जोडी पूर्ण ११७६ न्यूटनने रेटत बसली असती.

पण काम कुठे गेलेलं नाही. मोट १५ मीटर वर आली तर पाण्याला मिळालं ११७६ × १५ = १७,६४० ज्यूल. त्यातले ७८४ × १५ = ११,७६० ज्यूल बैल खाली उतरले म्हणून मिळाले. थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, पाणी ओतलं गेलं, मोट रिकामी झाली, आणि बैलांना धाव चढून परत यायचं आहे. तेव्हा तेच ११,७६० ज्यूल त्यांना स्वतःला वर नेण्यात घालावे लागतात. एकूण काम तेवढंच. फक्त ते दोन भागांत वाटलं गेलं. जाताना मोठा जोर एका दमात लावायचा होता, त्यातला बराचसा येताना, मोकळ्या मोटेनिशी, सावकाश लावता आला. उतार कामात बचत करत नाही, एका वेळी लागणारं बल कमी करतो.

जाताना समजा ३० सेकंद लागले, तर १७,६४० ÷ ३० = ५८८ वॅट, पाऊण अश्वशक्तीहून थोडं जास्त. परतीचा वेळ धरला तर सरासरी आणखी खाली येते. मोटारवाल्या दादांच्या पंपाने पाण्याला १९६० वॅट दिले, तेही न थांबता. मोट मागे का पडली, ते या आकड्यांत आहे.

ताई, मुलीला हे गणित जरूर द्या, फक्त उत्तर झाकून. आणि आबा, नातवाला धावेचं चित्र तुम्ही काढून दाखवा. सध्याच्या मुलांनी ती पाहिलेली नाही.